अकरा पुडे

हिवरवाडी, ता. आष्टी
१८ फेब्रुवारी २०१३

श्रीमती मनकर्णाबाई यांस,
हिवरवाडीच्या गहिनीनाथ अण्णाचा नमस्कार.

नाव वाचून पत्र फाडू नका. फाडायचंच असेल तर आधी एकदा वाचा, मग खुशाल फाडा, माझी हरकत नाही. तसंही माझं अक्षर आता असं झालंय की अर्धं तुम्हाला लागणारच नाही.

मी जिवंत आहे आणि त्याला कारण तुमची मुलगी आहे. एवढं सांगायला हे पत्र.

यंदाचा दुष्काळ तुम्हाला गेवराईत कसा जातोय ठाऊक नाही. आमच्याकडे कडा गावाच्या अलीकडे चारा छावणी पडली आहे. मी दोन बैल आणि एक गाय घेऊन तीन आठवडे तिथंच मुक्कामाला होतो. ओलावा मंडळाची, म्हणजे तुमच्याच संस्थेची, दवाखान्याची गाडी दर गुरुवारी छावणीत येते. आता छावणीत माणूस आलेला असतो तो जनावरांसाठी. स्वतःला तपासून घ्यायला कोण उठतोय? म्हणून तुमची मुलगी गाडीत बसत नाही, दावणी-दावणीनं फिरते. माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, आजोबा, एवढा घाम कशाचा? मी म्हणालो, उन्हाचा. सकाळचे साडेआठ वाजले होते.

तिनं पुढं काही विचारलं नाही. एक गोळी चावून खायला लावली, गव्हाणीशेजारीच मला आडवं केलं आणि गाडीवाल्याला हाक मारली. मी बैलांचं काय म्हणून कुरकुर करत होतो. ती म्हणाली, बैलांना काही झालेलं नाही.

नऊ दिवस मंडळाच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं. तुमच्या मंडळाचा तो जुना नेम अजून आहे बरं का, पेशंटसोबत आलेल्या माणसानं सगळ्या वॉर्डाच्या स्वयंपाकाला हात लावायचा. माझ्या बायकोनं, केशरबाईनं, नऊ दिवस तीस-चाळीस माणसांच्या भाकरी थापल्या आणि घरी आल्यावर म्हणाली, तितं माझ्या भाकरीला कुनी नावं ठिवली न्हाईत. म्हणजे टोला मलाच.

मुलीच्या खिशावर नावाची पट्टी होती. संघमित्रा मनकर्णा वाव्हळ. मी ती दोनदा वाचली. तुमचा पत्ता मात्र तिच्याकडून घेतला नाही, काउंटरवरच्या माणसाकडून घेतला.

तुमचे आणि तिचे उपकार माझ्यावर आहेत. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

गहिनीनाथ


हिवरवाडी
१४ मार्च २०१३

मनकर्णाबाई यांस, नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ‘तब्येत जपा. गोळ्या बंद करू नका. संघमित्रा बरी आहे.’ तीनच वाक्यं, पण मी ती घरभर वाचून दाखवली. केशरबाई म्हणाली, सरकारी पत्र आल्यावानी करू नका, गोळी घ्या आदी.

पूर्वी मी तुम्हाला ‘तू’ म्हणायचो. आता ‘तुम्ही’ लिहिताना हात अडतो, पण तुम्ही हेच बरोबर आहे. ते तेव्हाही बरोबर होतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, मीच मागं ठेवली. दवाखान्यात संघमित्रानं मला विचारलं होतं, आजोबा, तुम्ही हिवरवाडीचे, मग माझी आई तुम्हाला आठवत असेल. तुमच्या गावात चार वर्षं आरोग्याचं काम करायची. मी म्हणालो, नाव ऐकल्यासारखं वाटतंय. दंडात सुई, छातीला तारा आणि तोंडानं हे. तुम्ही तिला आमच्या गावाबद्दल काही वाईट सांगितलेलं दिसत नाही. पोर मोठ्या कौतुकानं विचारत होती.

आता गावची बातमी. मंडळ हिवरवाडीत उपकेंद्र काढणार आहे. आठवड्यातले सहा दिवस नर्स गावातच राहील, बाळंतपणं, लेकरांची वजनं, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, सगळं इथंच. जागा आमच्या दूध सोसायटीची जुनी इमारत. आमचा उत्तरेश्वर, माझा थोरला, सोसायटीच्या चेअरमनपदाला उभा राहणार आहे, त्यानंच जागा देऊ केली. म्हणजे त्याच्या मनात सेवा किती आणि निवडणूक किती ते मला विचारू नका. पण काम चांगलं आहे.

मागच्या सोमवारी चावडीपुढं बैठक झाली. सगळे खूश. मग कोणीतरी विचारलं, नर्स कोण? मंडळाच्या माणसानं संघमित्राचं नाव सांगितलं, आईचंही सांगितलं. त्या बिचाऱ्याला वाटलं गावाला आनंद होईल. तर म्हाळू उठला. तुम्हाला आठवत असेल, वेशीजवळचा, आता कमरेत वाकलाय पण जीभ सरळ आहे. तो म्हणाला, “हिच्या मायनं लेकरायची पावडर खाल्ली, अन् आता लेक यायची व्हय?”

नव्या पोरांनी म्हाताऱ्यांकडं बघितलं, म्हाताऱ्यांनी जमिनीकडं. शेवटी ठरलं की एक मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा. दुसरी नर्स मंडळाकडं नाही, म्हणजे ती नको तर उपकेंद्रच नको.

मीही तिथंच बसलो होतो. मीही गप्पच बसलो.

पावडर तुम्ही घेतली नव्हती हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे. सव्वीस वर्षं तुम्ही कोणाजवळ एक शब्द काढला नाही, ना मंडळात, ना पोटच्या पोरीजवळ. तुम्ही तोंड उघडलं असतं तर माझी सोसायटी, माझं सचिवपद, माझी गावातली ऊठबस, काहीच राहिलं नसतं. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो.

गहिनीनाथ


हिवरवाडी
७ एप्रिल २०१३

मनकर्णाबाई यांस, जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघतो आणि तो रोज उत्तरेश्वरच्या मोबाईलचं बिल देऊन जातो.

केशरबाईला मी परवा सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांनी. मला वाटलं ती रडेल. तिनं फक्त विचारलं, “मनकर्णाला लिवलं का?” मी म्हणालो, आभार लिहिले. ती म्हणाली, “आभार कशाचे? गुन्हा लिवा की आदी.”

तर लिहितो. तुम्हाला सगळं माहीत असलं तरी माझ्या हातानं लिहितो.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. मंडळानं गावातल्या अशक्त लेकरांसाठी दुधाची पावडर दिली होती, बावीस लेकरं होती. पुडे सोसायटीच्या कपाटात असायचे, कारण गावात कुलूपवालं कपाट तेवढंच. किल्ली माझ्याकडं. सकाळचं दूध घालून झालं की तुम्ही पायरीवर बसून लेकरांची वजनं करायच्या, दुधाच्याच काट्यावर, आणि आयांच्या वाटीत पावडर मापून द्यायच्या.

गावातल्या गाया-म्हशी आटल्या होत्या. रोजचं दूध सदतीस-अडतीस लिटरच्या आसपास यायचं. तालुक्याच्या संघानं कळवलं होतं की चाळीस लिटरच्या खाली महिनाभर दूध आलं तर हिवरवाडीचा टेंपो बंद. आणि गावात येणारं चाक म्हणजे तो टेंपो एकच. बाळंतीण असो, साप चावलेला असो, त्याच टेंपोत कॅनांशेजारी बसून कड्याला जायचा. मी ठरवलं की काही झालं तरी टेंपो बंद होऊ द्यायचा नाही. हे खरं आहे. आणि सचिवाची खुर्ची जाऊ द्यायची नाही असंही ठरवलं होतं. तेही खरं आहे, ते मी पहिल्यांदाच लिहितोय.

नुसतं पाणी घातलं तर दुधाची डिग्री, म्हणजे घट्टपणा मोजायच्या काचेवरचा आकडा, उतरते आणि चोरी पकडली जाते. पाण्यात पावडर कालवून घातली तर आकडा बरोबर जागेवर राहतो. मी दुधातला माणूस, मला हे सुचणारच. दीड महिन्यात अकरा पुडे. विहिरीच्या पाण्यात कालवून, रुमालातून गाळून, कॅनात.

पुडे कमी पडायला लागले तशी तुम्ही लेकरांची वाटणी कमी केली. महिनाअखेरीला वजनं वाढेनात म्हणून तुम्ही स्वतःच मंडळाला कळवलं, आणि तपासायला माणूस आला. त्यानं पुडे मोजले. अकरा कमी. सगळ्या आया पायरीशी उभ्या होत्या. मला कोणी काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणालो, किल्ली माझी असली तरी हात हिचा आहे. आणि तुम्हाला म्हणालो, पिशवी उघड.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग पायरीवर पिशवी उपडी केलीत. लेकरांची वजनाची कार्डं, एक फणी आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. पावडरीचा कण नव्हता. पण कण नाही हे कोणी बघितलंच नाही, पिशवी उघडायला लावली एवढंच सगळ्यांनी बघितलं. त्या आयांतली छबुबाई सगळ्यांच्या देखत तुम्हाला चोर म्हणाली. तुमच्या जागी माझ्या भावकीतली बाई असती तर पिशवी उघड म्हणायची माझी छाती झाली असती का? झाली नसती. मी कोणाला म्हणतोय आणि कोण ते खपवून घेईल, हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं.

आठ दिवसांनी त्याच छबुबाईची धाकटी निपचित पडली. टेंपो त्या दिवशी नेमका वाटेत बंद पडलेला. तुम्ही पोरीला खांद्यावर घेऊन कड्याला चालत गेलात, भर उन्हात, नऊ किलोमीटर. पोर वाचली. तिला आता दोन मुलं आहेत. ती अशक्त झाली ती कोणामुळं, हे तिच्या आईला आजही माहीत नाही. मी मात्र त्या पोरीच्या लग्नात जेवून आलो आहे.

मंडळानं तुम्हाला काढलं नाही, गेवराईला पाठवलं. मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एवढंच विचारलं होतं, तुमची खात्री आहे का? मी हो म्हणालो.

तुम्हाला खरं कळलं होतं हे मी ओळखून होतो. त्याच महिन्यात एकदा तुम्ही डिग्रीच्या काचेकडं बघून हसत म्हणाला होतात, अण्णा, दुष्काळात दूध घट्ट झालंय बरं का. त्या दिवसापासून मी धरून चाललोय की तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही मला सांभाळून घेताय.

एक मेला मी ग्रामसभेत उभा राहून हे सांगणार आहे. उत्तरेश्वर म्हणतो, अण्णा, तुमी माजं पॅनेल बुडवता. काल त्यानं माझ्या पाया पडून सांगितलं की निवडणूक होईपर्यंत थांबा, मग काय ते बोला. पण ठराव एक मेलाच आहे. निवडणुकीनंतर बोलून तुमच्या मुलीचा काय उपयोग?

फक्त तुमची परवानगी पाहिजे. तुमचं नाव पुन्हा चावडीवर घ्यायचं तर तुम्हाला न विचारता घेणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे.

गहिनीनाथ


हिवरवाडी
३ मे २०१३

मनकर्णाबाई यांस, जयभीम.

तुमचं पत्र वीस एप्रिलला आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता न बघता लिहू शकतो. तुम्ही लिहिलंत:

“अण्णा, मला ठाऊक नव्हतं. दूध घट्ट झालंय असं मी खरंच म्हणाले होते. गायांना पाणी कमी मिळतं म्हणून तसं होत असेल असं वाटलं. मी आजवर हेच समजत होते की माझीच मोजणी चुकली. एखाद्या बाईला दोन मापं जास्त गेली असतील, एखादा पुडा दोनदा धरला असेल. गेवराईला आल्यावर कितीतरी वर्षं मी झोपताना तेच पुडे मोजायचे. इथं बाया शिकायला येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की मी एकदा मोजायला चुकले आणि लेकरांचे हाल झाले, म्हणून तुम्ही कायम दोघींनी मिळून मोजत जा. पन्नाससाठ बायांना सांगितलं असेल. आता त्यांना काय सांगू ते कळत नाही. ग्रामसभेत बोला. पिशवीबद्दल मी काही लिहीत नाही.”

मी तुमचे आभार मानत होतो, बाई. तुमच्या मोठ्या मनाचे. आणि तुम्ही तिकडं माझी चोरी स्वतःची चूक म्हणून सांभाळत बसला होतात. लोकांनी नुसतं चोर म्हटलं असतं तर निदान आतून तरी तुम्ही सरळ उभ्या राहिला असतात. मी तेवढंही ठेवलं नाही. हे कळल्यावर दोन दिवस मी जेवलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी केशरबाई म्हणाली, उपाशी राहून मनकर्णाचं पोट भरतंय का? मग जेवलो.

ग्रामसभेला मी मारुतीच्या पारावर उभा राहिलो. उत्तरेश्वर समोर बसला होता, पॅनेलची माणसं घेऊन. मी भाषण तयार केलं होतं. दुष्काळ, टेंपो, गावाचं हित, असं बरंच होतं त्यात. उभा राहिल्यावर सगळं सोडून दिलं आणि एवढंच म्हणालो, “पावडर मी घेतली. अकरा पुडे. सोसायटीच्या दुधात कालवली, अन् आळ मनकर्णाबाईवर घातला.”

म्हाळू म्हणाला, म्हाताऱ्याच्या डोस्क्यावर परिणाम झालाय, दवाखान्यातून आल्यापासून असंच करतोय. माझ्या पोरानं तोंड उघडलं, मला वाटलं आता हाही हो म्हणतोय. पण तो म्हणाला, “परिनाम न्हाई झालेला. अन्ना खरं बोलतेत.” एवढं म्हणून तो उठून निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. पण खोटंही बोलला नाही, आणि बापाला याहून जास्त काय पाहिजे असतं ते मला माहीत नाही.

मग छबुबाई उठली. तिला काठी लागते आता. तिनं विचारलं, “अन्ना, ह्ये तुमी तिला आदी सांगितलं का आमाला?”

मी म्हणालो, तिला.

“मंग ती काय म्हनली?”

मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. सबंध. ‘पिशवीबद्दल मी काही लिहीत नाही’ इथपर्यंत. ते वाचायची परवानगी मी तुमच्याकडून घेतली नव्हती, रागवायचं तर रागवा. बायका ऐकत होत्या. त्यातल्या कितीतरी जणी तेव्हा त्या पायरीशी वाटी घेऊन उभ्या होत्या.

छबुबाईनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग माझ्याकडं न बघता बायकांकडं वळून म्हणाली, “म्या तिला तोंडावर चोर म्हनले व्हते, अन् तिनं माजं लेकरू खांद्यावर नेलतं. ठराव बिराव पुरुष करत्याल. आपुन गेवराईला जायचं. लेक द्या म्हून मागायला न्हाई. पिशवी उघडायला लावली तवा आमी बगत व्हतो, ह्ये सांगायला.”

ठराव झाला. एकही हात विरोधात गेला नाही, म्हाळूचाही नाही. पण ठराव ही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट अशी की येत्या मंगळवारी हिवरवाडीच्या सतरा बायका तुमच्या दारात येत आहेत. त्यात छबुबाई आहे, तिची ती धाकटी आहे, आमची केशरबाई आहे. तुम्हाला आधी कळवू नका असं त्यांनी मला बजावलं होतं, तरी कळवतोय, कारण सतरा माणसांचा चहा अचानक कसा करायचा हे पुरुषालाही कळतं.

शिकायला येणाऱ्या बायांना काय सांगायचं म्हणून तुम्ही विचारलंत. मला सल्ला द्यायचा अधिकार नाही. पण दोघींनी मिळून मोजा हे चालू ठेवा. फक्त कारण बदला. माझं नाव सांगा, गाव सांगा, हुद्दा सांगा. किल्ली असलेल्या माणसाला कोणी काही विचारलं नाही, म्हणून हे झालं, असं सांगा.

मी मंगळवारी येणार नाही. तुम्ही मला बोलावलेलं नाही, आणि न बोलावता तुमच्या उंबऱ्यावर उभं राहून तुम्हाला ‘या’ म्हणायला लावणं म्हणजे पुन्हा जबरदस्तीच. मी इथंच असेन. संघमित्राच्या खोलीला चुना लावायचाय, तो लावत बसेन.

मी जगलो म्हणून हे सांगायला उरलो, एवढ्यासाठी तुमच्या मुलीचा आणि तुमच्या मंडळाचा मी ऋणी आहे. तुम्ही उत्तर दिलंत, त्याबद्दल तर काय बोलू. बायकांजवळ माझी चौकशी करायची गरज नाही. पण चुकून केलीतच, तर केशरबाई घरी आल्या आल्या मला सांगेल, आणि मला लई बरं वाटेल.

गहिनीनाथ